नसलेल्या बागेचे काकाजी

खोली बघायला गेले तेव्हा त्या माणसाने मला आधी भांडायला बसवलं.

मी अर्जुनी मोरगावकडची. नोकरी लागली ती गोंदिया जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, एका रेल्वेच्या गावात. गावाचं नाव सांगत नाही. या हकिकतीत कचेरी येते, आणि त्या कचेरीतले निम्मे लोक अजून नोकरीत आहेत. त्यांत मीही आहे. तर हातात पिशवी घेऊन मी दारात उभी, आणि समोर हा उंच, हाडकुळा म्हातारा. अंगात बनियान, खांद्यावर दुपट्टा, कानामागे पेन्सिल. मी विचारलं, "भाडं किती?" तर म्हणाला, "भाड्याचं मंग पाहू. आधी भांडून घेऊ."

मला वाटलं, याचं डोकं ठिकाणावर नाही. पण मे महिना होता आणि माझ्यात दुसरी खोली शोधायचं त्राण नव्हतं. बसले.

"तुमी नळाचं पाणी सांडता," ते म्हणाले.

"मी अजून तुमचा नळ पाहिलाही नाही!"

"पाहाल तवा सांडाल. काऊन सांडता?"

आता माझा स्वभाव तसा तिरसट. घरचे म्हणतात, हिच्याशी बोलायचं तर आधी जेवून घ्यावं. पहिली पाच मिनिटं मी सभ्यपणे बोलले, मग मात्र पदर खोचला. भिंतीला खिळे ठोकण्यावरून झालं, मोरीत अडकणाऱ्या केसांवरून झालं, माझी आई आली तर किती दिवस राहील यावरून झालं, गच्चीवर वाळवणं घालण्यावरून तर चांगलीच जुंपली. मधे त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूजींनी, दोनदा चहा आणून दिला आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघून मान हलवली, चालू दे म्हणून. तासाभराने म्हाताऱ्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि अगदी प्रसन्न होऊन म्हणाले, "झालं. आता राहा सुखानं."

मी तिथे सहा वर्षं राहिले. घरावरून एका शब्दाचं भांडण झालं नाही. भांडायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं ना!

काकाजी कोहळी घराण्यातले. आमच्याकडे गावोगाव जे जुने तलाव आहेत, ते बांधणारी ही माणसं. ते स्वतः पाटकरी म्हणून निवृत्त झालेले, म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं ते बघणारे. जन्मभर पाण्याच्या भांडणात उभं राहिल्यामुळे असेल, पण शांत माणूस दिसला की त्यांना संशय यायचा. त्यांच्या घराण्यात म्हणे तलाव बांधायची एक रीत होती. ती सांगताना ते जेवणावरूनसुद्धा उठून उभे राहत.

"माह्या खापरपणज्यानं तलाव बांधला ना जी, त्याच्या आधी तीन वर्सं गाव पाण्यावरून भांडला. पाणी कुठं होतं? थेंब नव्हता! कोरड्या जागेवर बसायचे अन् भांडायचे. पहिली पाळी कोणाची, शेवटची कोणाची, कोणाची म्हैस कुठं बसन. तीन वर्सानं सगळे थकले, तवा पहिली कुदळ मारली. तलाव अजून फुटला नाही. काऊन? भांडणच उरलं नाही."

सरकारी कामं सिमेंटमुळे पडत नाहीत, लोक नंतर भांडतात म्हणून पडतात, असं त्यांचं पक्कं मत. खरं-खोटं देव जाणे. कचेरीत बांधकामाच्या टेबलावर इतकी वर्षं काढून मला त्यात थोडं तथ्य वाटतं, पण ते मी कचेरीत बोलत नाही.

लग्नसुद्धा त्यांनी याच रीतीने केलं. मुलगी पसंत आहे असा निरोप धाडला आणि वर विचारलं, मुलगी कशाकशावरून भांडणार तेही कळवा. काकूजी हे सांगताना साठीतही लाजायच्या. "अवो, घरचे म्हणाले, पोरगा येडा दिसते. मले आवडलं पण. कोणी विचारते का असं?" त्यांनी एकच गोष्ट कळवली होती. माझी धाकटी बहीण माझ्यावाचून राहत नाही. तिच्यापासून दूर नेलं तर जन्मभर भांडेन. काकाजींनी शब्द दिला. पुढे धाकटीचं लग्न ज्या गावात झालं त्याच गावात त्यांनी बदली मागून घेतली आणि तिच्या घराच्या समोर जागा घेऊन घर बांधलं. समोर म्हणजे अगदी समोर. ओट्यावर उभं राहिलं की धाकटीच्या चुलीचा जाळ दिसायचा. मधे फक्त रेल्वे होती.

आमच्या गावात रेल्वे जमिनीवरून जात नाही. टेकाड कापून दोन मजले खोल खाई केलेली आहे, तिच्या तळातून रूळ जातात. गावात तिला कटिंग म्हणतात. पूर्वी लोक मातीच्या पायऱ्यांनी खाली उतरून, रूळ ओलांडून, पलीकडे चढायचे. दोघी बहिणीही तशाच जायच्या-यायच्या, दिवसातून चार-चारदा, हातात कधी सूप, कधी भाजीची वाटी. मग गाड्या वाढल्या, कटिंगच्या दोन्ही काठांना जाळीचं कुंपण आलं, आणि ते यायलाच हवं होतं. पलीकडे जायला उंच पूल झाला. तोवर काकूजींचे गुडघे गेले होते आणि धाकटीला दमा लागला होता. पूल दोघींच्याही कामाचा नव्हता.

"फाटकावरून ऑटो करून जा ना," मी एकदा म्हटलं. रस्ता लांबचा, पण होता.

काकूजी म्हणाल्या, "ऑटोनं गेली तं पाहुणी होते ना वो मी. धाकटी चहा ठेवते, तिची सून ओटी भरते, अर्ध्या घंट्यात निघा लागते. मले पाहुणी नाही व्हायचं. मले तिच्यासंग तांदूळ निवडायचे आहेत."

मग दोघी आपापल्या काठावर, कुंपणाला धरून, ओरडून बोलायच्या. "जेवली का वो बाई?" असं धाकटी तिकडून विचारायची, आणि काकूजी काय काय जेवल्या ते अख्ख्या गल्लीला कळायचं. मधेच मालगाडी आली की वाक्य तुटायचं. शेवटचा डबा जाईपर्यंत दोघी तशाच उभ्या, आणि मग तिथूनच पुढे: "तं मी म्हटलं, मीठच नाही त्यात!" काकाजी तेव्हा ओट्यावर बसून असायचे आणि काही बोलायचे नाहीत. न बोलणारे काकाजी मला तेवढ्याच वेळी दिसायचे.

एके दिवशी ते पेपरचं कात्रण घेऊन माझ्या खोलीत आले. परदेशातल्या कुठल्याशा शहरात खोलगट रुळांवर छत टाकून त्यावर बाग केली होती. फोटोत गवत, बाकं आणि कुत्रा घेऊन चाललेली एक बाई.

"बाबूबाई," ते म्हणाले. मी कचेरीत बाबू, म्हणून बाबूबाई. "आपण दुधावर झाकण ठेवतो का नाही? मंग रुळावर काऊन नाही? खालून गाडी जाईन, वर बाग. मधात एक बाक. इकडून हे येईन, तिकडून हिची धाकटी येईन. चढायचं नाही, उतरायचं नाही."

"काकाजी, एवढा स्लॅब टाकणार कोण?"

"स्लॅबचं मंग पाहू. आधी बाग सुरू करू."

आणि खरोखर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बाग सुरू झाली. कुंपणाला लागून धुळीचा एक पट्टा होता, तिथे त्यांनी गल्लीतली माणसं जमवली आणि जाळीपलीकडच्या हवेत पेन्सिल रोखून बाकं वाटायला घेतली. "सात नंबरचा बाक तो तिथं, तारेच्या खांबाच्या वर. तो शेठजीचा."

शेठजींचं गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान. आधी ते पोट धरून हसले. मग डोळ्यांवर हात धरून त्यांनी सात नंबरची जागा नीट पाहिली आणि म्हणाले, "काकाजी, उधर तो धूप आयेगी."

"झाड लावून राहिलो ना जी. कडुनिंब."

"नीम बडा होने में कितने साल! तब तक क्या मैं धूप में बैठूं?"

यावरून दोन संध्याकाळी गेल्या. शेठजी रागावून तीन दिवस बागेत आले नाहीत. चौथ्या दिवशी आले आणि म्हणाले, नीम मंजूर, पर फांदी मेरी तरफ चाहिए. काकाजींनी ते वहीत लिहून घेतलं. भांडण मार्गी लागलं की त्यांच्या चेहऱ्यावर जेवून उठल्याचं समाधान दिसायचं.

मग बकऱ्यांना आत घ्यायचं का, लग्नाचे फोटो काढायला येणाऱ्यांना किती वेळ द्यायचा, असे एकेक विषय निघाले. जोडप्यांना बसू द्यावं की नाही यावर गल्ली उभी दुभंगली. दोन शेजारणी या विषयावरून एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. शेवटी बारा नंबरचा बाक जोडप्यांसाठी राखून ठेवला, पण सिग्नलचा उजेड तोंडावर पडेल असा. कुंपणावर पाटी लागली: फुले तोडू नयेत. गवतावर चालू नये. बाग सायंकाळी सात वाजता बंद होईल. सोमवारी बाग देखभालीसाठी बंद. परगावचा माणूस पाटी वाचायचा, जाळीतून बाग शोधायचा, खाली रूळ बघायचा, परत पाटी वाचायचा आणि गुपचूप निघून जायचा.

सातला काकाजी शिट्टी वाजवायचे. शिट्टी झाली की सगळ्यांनी निघायचं. सात वाजून पाच मिनिटांनी त्याच धुळीत उभं राहिलं तर चालायचं नाही; बाग बंद आहे, रस्त्याच्या पलीकडे उभे राहा. मला हसू यायचं. पण एकदा मी तिथे भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या आणि टरफलं जाळीतून पलीकडे टाकली. काकाजींनी सभा बोलावली. बागेत कचरा केल्याबद्दल मला आठ दिवसांची बंदी झाली. लेखी! मी फणकाऱ्याने म्हटलं, गेली उडत तुमची बाग. आणि मग आठ दिवस संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून सगळे कुठे बसणार यावर चाललेला वाद ऐकत होते. सांगायला लाज वाटते, पण मला फार वाईट वाटलं.

पलीकडच्या काठावरही सभासद झाले होते. त्यांचं हजेरीपत्रक धाकटीकडे असायचं. आणि मधोमध, दोन्ही रुळांच्या बरोबर वर, एक नंबरचा बाक होता. तो कुणीही मागितला नाही. तो दोघी बहिणींचा, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. काकाजींना याचीच धास्ती वाटायची. "बाबूबाई, याच्यावरून कोणी भांडलंच नाही जी. मले काही खरं दिसून नाही राहिलं."

अर्ज करायची वेळ आली तेव्हा सगळं बिघडलं, आणि ते मी बिघडवलं. हे सरळ सांगून टाकते.

आमच्या कचेरीत नव्या कामाचा अर्ज वर गेला की परत येत नाही. दुरुस्तीचा अर्ज मात्र सुरळीत जातो, कारण तो कुणी वाचत नाही. मी मोठी शहाणी! काकाजींना म्हटलं, "नवी बाग मागू नका. असलेल्या बागेची दुरुस्ती मागा."

"दुरुस्ती कायची?"

"जमिनीची."

आणि माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: सदर उद्यान गेली दोन वर्षे नियमित सुरू असून त्याच्या जमिनीची अवस्था अत्यंत बिकट आहे, तरी जमीन पूर्ववत करून मिळावी. सोबत नियमावली, दोन्ही काठांची हजेरी, सभांची इतिवृत्तं, शेठजींची फांदीबद्दलची तक्रार आणि माझ्या बंदीचा हुकूम, असा हातभर गठ्ठा जोडला. इतकी नीट चालवलेली बाग आमच्या साहेबांनी जन्मात पाहिली नसेल. त्यांनी न वाचता शिफारस केली. अर्जाखाली काकाजींनी सही केली, अध्यक्ष म्हणून.

वरच्या कचेरीत मात्र कुणीतरी तो वाचला. उत्तर आलं: सदर उद्यान अस्तित्वात असल्याचे कागदपत्रांवरून सिद्ध होते. तथापि प्रत्यक्ष पाहणीत उद्यानाची जमीन जागेवर आढळून येत नाही. सबब जमीन कोठे गेली याची चौकशी करण्यात यावी. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या ठिकाणी दुसरी जमीन देता येणार नाही.

चौकशीचे साहेब पश्चिमेकडच्या कुठल्याशा जिल्ह्यातून बदलून आलेले. अबोल, गंभीर, खिशाला दोन पेनं. कुंपणापाशी उभे राहून त्यांनी पाटी वाचली, खाली पाहिलं आणि काकाजींना विचारलं, "जमीन इथे होती?"

"नाही जी. इथं यायची होती."

"मग गेली कुठे?"

"आलीच नाही तं जाईन कुठं?"

"पण कागदावर आहे."

"कागदावर आहे जी."

"म्हणजे होती." साहेबांनी टिपून घेतलं. "अर्ज कोणी लिहिला?"

बढतीची यादी निघायची होती, घरी आई आजारी होती. कारणांना काय, शोधली की सापडतात. मी गप्प राहिले.

काकाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सही माही आहे," ते म्हणाले. "जमीन माह्या ताब्यात होती असं समजा."

त्या दिवशी वर खोलीत जाऊन मी रडले. लोकांना पाणी मिळावं म्हणून ज्या घराण्याने आपली धानाची शेतं तलावाच्या पोटात घातली, त्या घराण्यातला माणूस जमीन गहाळ केल्याच्या चौकशीत उभा होता, आणि तोही माझ्या सुवाच्य अक्षरामुळे. गावात कुजबुज सुरू झाली. शेठजी गल्ल्यावर बसून म्हणायचे, "कुछ तो हुआ होगा, नहीं तो साहब क्यों आते?" बाजारात कुणीतरी काकाजींना तोंडावर विचारलं, कितीला विकली? ते घरी आले आणि त्या दिवशी भात खाल्ला नाही. तीन वेळा भात खाणारा माणूस तो.

चौकशीचा नियम असा की ती जागेवर व्हावी. जागा म्हणजे हवा. तिथे टेबल मांडणार कसं? म्हणून काकाजींच्या घरासमोर जी पडवी होती, आमच्याकडे तिला सपरी म्हणतात, तिच्यात टेबल लागलं. वार ठरला मंगळवार. लिहून घ्यायला, नशीब बघा, मलाच बसवलं. साक्षीदार दोन्ही काठांचे हवेत. पलीकडची मुख्य साक्षीदार म्हणजे हजेरीपत्रक ठेवणारी धाकटी. तिला पूल चढवत नाही हे कळल्यावर साहेबांनी फाटकावरून सरकारी जीप धाडली.

धाकटी जीपमधून उतरली ती हातात सूप घेऊनच. तांदूळ निवडता निवडता तिला उठवून आणलं होतं. चेहरा पांढराफटक, धाप लागलेली. काकूजींनी सपरीच्या कोपऱ्यात चटई ओढली आणि म्हणाल्या, "आण इकडं. किती खडे आहेत वो यात!" आणि दोघी बसल्या. चहा नाही, ओटी नाही. ती पाहुणी नव्हतीच, साक्षीदार होती.

जबानी दहा मिनिटांत आटपली. बागेला जमीन होती का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "मी कधी पाय ठेवला नाही जी, मले दमा आहे." दोघी मात्र चार वाजेपर्यंत बसल्या होत्या. काय बोलत होत्या? मला ऐकू आलं नाही. इतकी वर्षं ओरडून बोललेल्या बायका, आता हळू बोलता येतंय म्हणून हळूच बोलत होत्या. काकाजी साहेबांना उत्तरं देत होते, पण नजर त्या कोपऱ्यात होती.

कागद आवरताना साहेब म्हणाले, "यात काही दिसत नाही मला. अजून एक तारीख घेऊ आणि संपवून टाकू." काकाजी बदनामीतून सुटणार म्हणून मला हायसं वाटलं. काकाजींचा चेहरा मात्र पडला.

पुढच्या मंगळवारी त्यांनी हरकत घेतली. मागच्या जबानीत बागेची उत्तरेकडची हद्द चुकली आहे म्हणे. त्याच्या पुढच्या मंगळवारी स्वतःच्याच हरकतीला हरकत घेतली. मग कडुनिंबाचा मुद्दा काढला, जमीन गेली तेव्हा झाड लावलेलं होतं की नव्हतं? शेठजींची साक्ष निघाली, आणि शेठजी पूर्ण दोन मंगळवार नुसते फांदीवर बोलले. मग बारा नंबरच्या जोडप्यांपैकी कुणालातरी बोलवा, असा अर्ज आला. कोण कबूल होणार! त्यांची वाट बघण्यात महिना गेला. आणि प्रत्येक वेळी शेवटी काकाजींचं ठरलेलं: "अन् पलीकडच्या साक्षीदाराले पुन्हा विचारा लागन जी." जीप जायची, धाकटी यायची. पावसाळ्यात तांदूळ, हिवाळ्यात वालाच्या शेंगा, उन्हाळ्यात मोहफुलं. निवडायला काही ना काही असायचंच.

मला ते समजलं तेव्हा मी त्यांना जिन्यात गाठलं. "काकाजी, तुम्ही केव्हाच सुटला असता. लोक तुम्हाला चोर म्हणतात!"

"म्हणू दे ना."

"तुम्हाला लागत नाही?"

"लागते ना." त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली. "बापाचं नाव घेऊन हसतात लोक, तवा लय लागते. पण मीनं हिले शब्द देल्ला होता. स्लॅब तं तुमच्या कागदानं खाल्ला बाबूबाई. जीप तरी राहू द्या."

मला ते आयुष्यात टोचून बोलले ते तेवढंच.

अशी दहा महिने चौकशी चालली. मग एका मंगळवारी साहेब नवीन शर्ट घालून आले आणि खुर्चीत न बसता उभेच राहिले. वरून तंबी आली होती, आजच निकाल द्या. त्यांनी खणखणीत वाचलं: सदर जमीन कधीही अस्तित्वात नव्हती. अध्यक्षांनी कोणताही अपहार केलेला नाही. ते पूर्णपणे निर्दोष आहेत. प्रकरण बंद करण्यात येत आहे.

कुंपणाशी गल्ली जमली होती. शेठजींनी टाळ्या पिटल्या. "मैं तो पहले दिन से बोल रहा था!" साहेब कोपऱ्याकडे वळून मायेने म्हणाले, "मावशी, आता तुम्हाला त्रास नाही. पुढच्या मंगळवारपासून जीप येणार नाही."

सुपाचा आवाज थांबला. धाकटीने निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ एकत्र केले, निघायचं म्हणून.

काकाजी टेबलापाशी आले. "साहेब," ते म्हणाले, "लिहा. जमीन मीनं चोरली."

टाळ्या बंद झाल्या. साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही निर्दोष आहात. आत्ताच वाचलं मी."

"चुकीचं वाचलं जी. मी चोरली. रोज थोडी थोडी. टोपलीनं."

"एवढी जमीन? टोपलीने?"

"हो जी."

"टाकली कुठे?"

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. आणि अख्खी गल्ली ऐकत होती. "आठवून राहिलो," ते म्हणाले. "हर टोपली अलग जागी टाकली ना. सगळ्या एका दिवशी नाही आठवणार. पहिली पुढच्या मंगळवारी सांगतो."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यात पाहिलं. धाकटी अर्धवट उठली होती आणि काकूजींनी तिच्या लुगड्याचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. या माणसाला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही ते हसले नाहीत. निकालाच्या कागदाची चार घड्या घालून त्यांनी तो खिशात टाकला, खुर्ची ओढून बसले आणि मला विचारलं, "बाई, तुम्ही बांधकामाच्या टेबलावर ना? एवढ्या जमिनीच्या टोपल्या किती भरतील?"

मी कटिंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. "लाखभर तरी भरतील साहेब," मी म्हटलं. मग म्हणून टाकलं, "आणि तो अर्ज माझ्या हातचा आहे. माझीही जबानी घ्या."

"घेऊ," साहेब म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढून पुढच्या मंगळवारची तारीख घातली. "सगळ्या टोपल्या संपल्या की घेऊ."